ओस्तिया आन्तिका: नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ कसा घालायचा?

गल्लीबोळ (प्रश्न; पुढची शीर्षकं म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

रोमन शहर म्हटलं की काटकोनात छेदणारे रस्ते आणि मधोमध फोरम, म्हणजे मुख्य चौक, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. रोमजवळच्या ओस्तिया या प्राचीन शहराचा आराखडा त्यात बसत नाही. देकुमानुस माक्सिमुस हा मुख्य रस्ता पूर्वेकडून सरळ येतो, फोरम ओलांडतो आणि थोडं पुढे त्याला एकदम दोन फाटे फुटतात. पूर्व भागात रस्त्याच्या उत्तरेला मोठमोठ्या इमारती शिस्तीत उभ्या आहेत, तर दक्षिणेला गल्ल्या वेड्यावाकड्या. शिवाय हे तिबेर नदीच्या मुखावरचं बंदर; पण आजच्या नकाशात नदी फक्त पश्चिमेच्या टोकाला शहराला टेकते आणि समुद्र तर कुठल्या कुठे.

माझे प्रश्न असे: हा आराखडा असा का झाला? प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावर कुठली भिंत कुठल्या काळातली हे कशावरून ओळखायचं? आणि एकाच दिवसात शहराची रचना समजून घ्यायची असेल तर कुठून सुरुवात करावी? पर्यटकांसाठीची "दहा प्रेक्षणीय स्थळं" छापाची यादी नको आहे.

नदीकाठ

आधी आजची नदी डोक्यातून काढून टाका. १५५७ च्या महापुरात तिबेरने आपलं एक मोठं वळण सोडून दिलं. प्राचीन काळी ती आज दिसणाऱ्या अवशेषांच्या उत्तर कडेला लागून वाहत होती. त्या कोरड्या पडलेल्या पात्राला पुढे "मेलेली नदी" म्हणू लागले. अवशेषांच्या पूर्वेला पोप दुसऱ्या ज्युलियसचा किल्ला आहे. तो पोप होण्याआधी, १४८३ ते १४८६ मध्ये, त्याने तो नदीवरच्या वाहतुकीवर नजर ठेवायला बांधला होता. पुरानंतर नदीच लांब गेली आणि किल्ल्याचं कामच संपलं. नदीने आणलेल्या गाळामुळे किनाराही पुढे सरकत गेला. पोर्ता मारिना, म्हणजे समुद्राकडचा दरवाजा, एके काळी जवळजवळ किनाऱ्यावर होता. आज तिथून समुद्र तीन-चार किलोमीटर आहे.

म्हणून आराखड्यावर दोन रेघा पेन्सिलने स्वतः काढा: उत्तरेला जुनं नदीपात्र, नैऋत्येला जुना किनारा. त्या काढल्या की निम्म्या शंका तिथेच फिटतात. धान्याची कोठारं उत्तरेला का दाटली आहेत, थिएटरमागचा चौक नदीकडे तोंड करून का आहे, पोर्ता मारिनाबाहेर स्नानगृहं आणि सिनेगॉग का आहे, सगळं त्या दोन रेघांवरून कळतं. (हे सिनेगॉग १९६१ मध्ये विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात सापडलं.)

आता फाटा. शहराचं बीज म्हणजे कास्त्रुम, एक आयताकृती तटबंद ठाणं, साधारण १९४ मीटर लांब आणि १२६ मीटर रुंद. परंपरा रोमचा राजा आन्कुस मार्किउस याला संस्थापक मानते, पण हातात असलेलं सर्वात जुनं ठोस बांधकाम या ठाण्याचंच आहे आणि ते इसवी सन पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकापलीकडे जात नाही. आत दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि चार दरवाजांतून बाहेर पडतात. काटकोनी ओस्तिया एवढंच. पश्चिम दरवाजाबाहेर पडल्याबरोबर एक रस्ता उजवीकडे नदीच्या मुखाकडे जातो (व्हिया देल्ला फोचे) आणि दुसरा डावीकडे समुद्राकडे. व्हिया देल्ला फोचे आणि दक्षिणेचा कार्दो (देकुमानुसला छेदणारा रस्ता) यांची तिरकी दिशा पाहता हे मार्ग ठाण्याच्याही आधीचे असावेत आणि ठाणं त्यांच्यावर येऊन बसलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. दरवाजाबाहेरच्या वस्त्या या रस्त्यांच्या कडेने वाढत गेल्या, त्यामुळे तिथली प्रत्येक गल्ली तिरकी. शहर कुणी एका दिवसात आखलेलं नाही, हे त्या फाट्यापाशी उभं राहिलं की सगळ्यात चांगलं उमगतं.

पत्ते वाचायची पद्धत माहीत असली तर फार सोपं जातं. उत्खननकर्त्यांनी शहराचे पाच रेजिओ, म्हणजे विभाग, पाडले. १ म्हणजे जुनं ठाणं आणि त्याच्या आसपासचा मध्यभाग, २ ईशान्य, ३ व्हिया देल्ला फोचे आणि पश्चिम देकुमानुस यांच्यामधला, ४ नैऋत्य, ५ आग्नेय. पत्त्यात आधी रेजिओ, मग इन्सुला (इमारतींचा गट), मग इमारत. नेपच्यूनचं स्नानगृह २-४-२, दियानाचं घर १-३-३. ही वाटणी आधुनिक आहे. प्राचीन ओस्तियाचेही प्रभाग होते, पण त्यांची या आकड्यांशी सांगड घालू नका.

खुणेचा दगड

वरच्या प्रतिसादात उत्तर-दक्षिण फरकाचं खरं कारण राहिलं. पोर्ता रोमाना (शहराचा रोमकडचा दरवाजा) ते ठाण्याचा पूर्व दरवाजा, या पट्ट्यात देकुमानुसच्या उत्तरेला ट्रॅव्हर्टिनचे (एका चुनखडी दगडाचे) सीमादगड सापडले आहेत. त्यांवर रोमचा प्रेटोर (न्यायाधिकारी) गायुस कानिनिउस याचं नाव आहे आणि सिनेटच्या ठरावानुसार ही जमीन सार्वजनिक आहे असा मजकूर. हे इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातलं. म्हणजे रस्ता आणि नदी यांच्यामधला सगळा पट्टा सरकारी मालकीचा झाला. खाजगी घरं बांधायची नाहीत, तुकडे पाडायचे नाहीत. त्यामुळे पुढे दोनशे-अडीचशे वर्षांनी सम्राटांना तिथे मोठे प्रकल्प सरळ रेषेत बसवता आले. नेपच्यूनचं स्नानगृह, त्यामागे अग्निशामक दलाचं ठाणं, थिएटर, कोठारं, सगळी त्याच पट्ट्यात. दक्षिणेला खाजगी मालकी होती, वारसांत वाटण्या झाल्या, आणि गल्ल्या वाट मिळेल तशा गेल्या.

नेपच्यूनच्या स्नानगृहाचा खर्चही शिलालेखात आहे: सम्राट हाद्रियानने २० लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले, ते अपुरे पडले, उरलेली रक्कम आणि संगमरवर त्याच्यानंतरच्या आन्तोनिनुस पिउसने देऊन १३९ मध्ये काम पुरं केलं. एका स्नानगृहाला सम्राटाचे वीस लाखही पुरले नाहीत, यावरून या पट्ट्यातल्या बांधकामांचा आवाका लक्षात यावा.

आणखी एक दुरुस्ती, कारण जुन्या माहितीपुस्तकांत हे अजून छापलेलं सापडतं. मोठ्या शहरतटाला, हुकूमशहा सुल्लाच्या नावावरून, "सुल्लाचा तट" म्हणतात. पोर्ता रोमानावरच्या शिलालेखाचे तुकडे जुळवल्यावर त्यात वक्ता आणि राजकारणी किकेरोचं नाव वाचलं गेलं. काम त्याच्या कॉन्सुलपदाच्या (रोमच्या सर्वोच्च पदाच्या) वर्षी, इसवी सन पूर्व ६३ मध्ये सुरू झालं आणि ५८ मध्ये क्लोदिउसने पुरं केलं. ज्या दोघांचं हाडवैर सगळ्या रोमला ठाऊक होतं, त्यांची नावं एकाच दरवाजावर आली. तेव्हा सुल्लाच्या काळाचा दाखला म्हणून हा तट वापरू नका.

चुनाविट

भिंतींबद्दल मी लिहितो. ओस्तिया हे यासाठी सर्वोत्तम ठिकाण आहे, कारण सगळ्या पद्धती चालत जाण्याच्या अंतरात आहेत.

रोमन भिंतीचं पोट चुना, पोझोलाना (ज्वालामुखीची राख) आणि दगडांच्या तुकड्यांच्या काँक्रीटचं असतं. काळ ओळखायचा तो बाहेरच्या दर्शनी थरावरून. ठोकळेबाज क्रम असा: टुफाच्या (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या) मोठ्या चिऱ्यांची रचलेली भिंत सर्वात जुनी, ठाण्याचा तट याच पद्धतीचा. मग वेड्यावाकड्या लहान दगडांचा ओपुस इन्केर्तुम. त्यानंतर रेतिकुलातुम: टुफाचे सहा ते नऊ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी दगड, टोकावर उभे करून तिरक्या जाळीसारखे लावलेले. हा इसवी सन पूर्व पहिल्या शतकापासून. त्राजान आणि हाद्रियानच्या काळात जाळीच्या चौकटीला विटांचे आडवे पट्टे आणि विटांचे कोपरे येतात. याला मिक्स्तुम म्हणतात. आन्तोनिनुस पिउसनंतर जाळी जवळजवळ बंदच होते आणि निव्वळ विटांची भिंत राहते. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून एक थर विटांचा, एक थर टुफाच्या लहान चिपांचा, अशी पट्टेदार भिंत वाढते. तीच भिंत एखाद्या जुन्या खोलीचं दार बुजवताना दिसली, तर तो बदल उत्तरकाळातला हे बिनधास्त धरा.

विटांच्या भिंती आपसात वेगळ्या करायच्या असतील तर मोजपट्टी लागते. पाच विटा आणि पाच सांधे यांची एकत्रित उंची मोजा, भिंतीवर निदान चार-पाच ठिकाणी, आणि सरासरी घ्या. एकच माप घेतलं तर हमखास फसगत होते, कारण एकाच भिंतीत भट्टी बदलली की विटेची जाडी बदलते. सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सांधे बारीक आणि विटा सारख्या. पुढे सांधे जाड होत जातात आणि जुन्या इमारतींतून काढलेल्या, कडा तुटलेल्या विटा मिसळतात. दर्शनी वीट बहुधा त्रिकोणी असते, चौरस वीट तिरकी तोडून केलेली. तिचं टोक काँक्रीटमध्ये रुतलेलं. भिंत तुटलेली असेल तिथे वरून पाहिलं तर ही दातेरी रांग स्पष्ट दिसते. मधेच लांबरुंद विटांचा थर आला तर ती बिपेदालिस, दोन रोमन फूट म्हणजे साधारण ५९ सेंटिमीटरची.

भिंतीतल्या भोकांचेही दोन प्रकार आहेत. मोठी चौकोनी, ठरावीक उंचीवर ओळीने आलेली भोकं परांचीच्या वाशांची, म्हणजे बांधकामाच्या वेळची. लहान, विखुरलेली, कधी आत संगमरवराची खिट्टी किंवा धातूचा गंज उरलेली भोकं म्हणजे वर संगमरवरी फरश्या बसवलेल्या होत्या. फोरममधल्या कापितोलिउम या मुख्य मंदिराच्या लाल विटांच्या भिंतीकडे पाहून ते मंदिर तसंच उघड्या विटांचं होतं असं समजू नका, त्यावर संगमरवर होता. मध्ययुगात तो उपटून नेला, बराचसा चुन्याच्या भट्टीत गेला.

विटांवरचे शिक्के हा सगळ्यात मोहात पाडणारा पुरावा. १२३ सालच्या कॉन्सुलांची, पाएतिनुस आणि अप्रोनिआनुस यांची नावं असलेले शिक्के इथे आणि रोममध्ये ढिगाने सापडतात. पण शिक्का वीट कधी पाडली ते सांगतो, भिंत कधी उभी राहिली ते सांगत नाही. विटा काही वर्षं साठ्यात पडून राहात, आणि उत्तरकाळात पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे "१२३ च्या आधीची नाही" एवढंच छातीठोकपणे म्हणता येतं. एकाच भिंतीत, मूळ जागी, एकाच सालाचे बरेच शिक्के मिळाले तरच पुढचं बोलावं.

सर्वात मोठा सापळा मात्र विसाव्या शतकाचा आहे. १९४२ मध्ये रोमला जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. त्यासाठी १९३८ पासून गुइदो काल्त्सा यांच्या देखरेखीखाली शहराचा प्रचंड भाग घाईघाईने मोकळा केला आणि पडक्या भिंती प्राचीन विटा वापरून उंचावल्या. नुकसान दुहेरी झालं. पाचव्या शतकानंतरचे वरचे थर फारशी नोंद न होता निघून गेले, म्हणून आज ओस्तिया दुसऱ्या शतकात गोठल्यासारखी दिसते. आणि भिंतीचा वरचा भाग प्राचीन की नवा, हे पटकन कळत नाही. मापं घ्यायची असतील तर कमरेच्या खालचा भाग निवडा. करड्या, कडक सिमेंटचे सांधे, फारच सपाट केलेला माथा किंवा मूळ भिंतीपासून किंचित आत घेतलेला वरचा भाग दिसला तर तिथे मोजू नका. थिएटरच्या पायऱ्याही बहुतांश अशाच पुन्हा उभारलेल्या आहेत.

गल्लीबोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न: काही मंदिरं आणि ठाण्याचे दरवाजे रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली का दिसतात? जमीन खचली आहे का?

खुणेचा दगड

खचलेली नाही, बाकीचं शहर वर उचललेलं आहे. इथे भूजल अगदी वर आहे आणि नदीला पूर यायचे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, सम्राट दोमितियानच्या काळापासून, नवं बांधकाम करताना जुन्या भिंती कापून राडारोडा आत भरायचा आणि साधारण मीटरभर वर नवी पातळी धरायची, असं सुरू झालं. रस्तेही वर आले. ठाण्याचा पूर्व दरवाजा देकुमानुसवर आणि पश्चिम दरवाजा फाट्याच्या जवळ, दोन्हीकडे टुफाचे चिरे खालच्या पातळीवर उघडे ठेवले आहेत.

धार्मिक जागा मात्र जुन्या पातळीवरच राहू दिल्या. व्हिया देल्ला फोचेवर हर्क्युलिसच्या मंदिराचं आवार पाहा: मंदिर आसपासच्या इमारतींशी कोन करून उभं आहे आणि आवारात पायऱ्या उतरून जावं लागतं. पातळी आणि दिशा अशा दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की प्रजासत्ताक काळातलं काहीतरी समोर आहे असं समजा. थिएटरशेजारची एकाच चौथऱ्यावरची चार लहान मंदिरं, पुब्लिउस लुकिलिउस गामालाच्या नावाशी जोडलेली, तीही पहिल्या शतकातली, इसवी सन पूर्व.

उंबरठा

इमारतीचा वापर ओळखायचा तर भिंतीपेक्षा उंबरठा जास्त बोलतो, आणि तो बहुतेक ठिकाणी मूळ जागी आहे.

दुकानाचा उंबरठा ट्रॅव्हर्टिनचा, लांब. त्यात जवळजवळ संपूर्ण लांबीची खाच असते आणि एका टोकाला ती थांबते. खाचेत उभ्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या. उरलेल्या टोकाला शेवटचं दार, त्याच्या बिजागराच्या खुंट्याचं गोल भोक तिथेच दगडात दिसतं. दुकान बंद करताना फळ्या लावून झाल्या की त्या दारातून बाहेर पडायचं आणि कुलूप घालायचं. घराच्या उंबरठ्याला अशी खाच नसते; दोन्ही टोकांना खुंट्याची भोकं आणि मध्ये अडसराचं. रस्त्यावरच थेट उघडणारं अरुंद दार, आत ट्रॅव्हर्टिनच्या दोन-तीन पायऱ्या आणि पुढे विटांचा जिना दिसला तर वरच्या मजल्यावर स्वतंत्र भाडेकरू होते. दियानाच्या घराभोवती फिरताना हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ भेटतात. तिथून पलीकडे थेर्मोपोलिउम, म्हणजे खाणावळ, आहे, दगडी कट्टा आणि खाद्यपदार्थ रंगवलेली भिंत अजून शाबूत. शेजारच्या गिरणीत बसाल्टची जाती आहेत. वरचा पोकळ दगड जनावराकरवी खालच्या शंकूवर फिरवायचा.

कोठारांतही खाली बघा. ग्रान्दी होरेआ या मोठ्या धान्यकोठारात खोल्यांची जमीन बुटक्या भिंतींवर उचलून घेतलेली आहे. खालून हवा खेळली नाही तर दमट जमिनीवर धान्य गरम होतं, बुरशी धरते, कीड लागते. भिंतीही जाड, कारण सुटं धान्य बाजूला रेटा देतं. मातीच्या मोठ्या डोलियांचं, म्हणजे रांजणांचं, कोठार वेगळं. डोलिया गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात, ते तेल किंवा दारूसाठी, आणि काहींच्या काठावर मापाचे आकडे कोरलेले आहेत.

नदीकाठ

एका दिवसाचा क्रम विचारला होता, तो सांगून टाकतो.

रोममध्ये पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून लिदोकडे जाणारी गाडी, उतरायचं ओस्तिया आन्तिका. सोमवारी अवशेष बंद असतात. सकाळी दार उघडताच आत शिरा, सावली फार कमी आहे. दाराजवळची कबरस्ताने घाईत पार करू नका. शहराबाहेर, रस्त्याच्या कडेने कबरी, हा नियम तिथे दिसतो. पोर्ता रोमानातून देकुमानुसवर आलात की थेट फाट्यापर्यंत सरळ चालत जा, वाटेत काही पाहू नका. एकदा कणा पायाखालून गेला की मग मागे फिरा आणि एकेक भाग घ्या.

मागे येताना फोरम. उत्तरेला कापितोलिउम, सुमारे १२० मधलं, हाद्रियानच्या काळातलं. चौथरा इतका उंच का, तर भोवती बहुमजली इमारती होत्या आणि नदीकडून येणाऱ्यालाही मंदिर दिसायला हवं होतं. समोर दक्षिणेला रोमा आणि ऑगस्टसचं मंदिर, तिबेरिउसच्या काळातलं, ते जवळजवळ संपूर्ण गेलं आहे. आग्नेयेला फोरमची स्नानगृहं: गरम खोल्या नैऋत्येला तोंड करून, मोठ्या खिडक्यांच्या, दुपारचं ऊन आत घेण्यासाठी.

मग थिएटर. मूळ ऑगस्टसचा सहकारी आग्रिप्पा याचं, वाढवलेलं रूप १९६ मधलं. त्याच्या माथ्यावर चढून मागचा चौक पाहा. पिआत्साले देल्ले कोर्पोरात्सिओनी नावाचा हा चौक ओस्तियाचा सर्वात मोलाचा भाग, असं माझं स्पष्ट मत आहे. तिन्ही बाजूंनी साठेक खोल्या आणि पुढच्या ओवरीत काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये जहाजमालकांची आणि व्यापाऱ्यांची नावं: कार्थेज, कारालिस, नार्बो, साब्राथा. साब्राथाच्या फलकावर हत्ती आहे. एका फलकावर तीन फाटे फुटलेली नदी आणि होड्यांवर तरंगता पूल. थिएटरच्या बाजूने घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी मारा, पुरे. हिवाळ्यात दंवापासून वाचवायला बरीच मोझेइकं झाकून ठेवतात. ती पाहायचीच असतील तर उन्हाळ्याच्या कडेचे महिने निवडा.

उरलेला वेळ रेजिओ ३ ला द्या. आउरिगीची इमारत, सात ज्ञानींचं स्नानगृह आणि सेरापिसची इमारत ही तिन्ही एकाच मोठ्या बांधणीचे भाग आहेत आणि तिथे भिंती खूप उंचीपर्यंत टिकल्या आहेत. मिथ्रा या देवाची देवळं शहरभर विखुरलेली आहेत. एकच बघायचं तर फेलिकिस्सिमुसचं, दीक्षेच्या सातही पायऱ्या जमिनीवर चिन्हांनी काढलेल्या आहेत.

बंदर मात्र इथे शोधू नका. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता आणि मोठ्या जहाजांना निवारा नव्हता. माल समुद्रातच लहान होड्यांत उतरवावा लागे. म्हणून सम्राट क्लाउदिउसने ४२ मध्ये उत्तरेला पोर्तुस हे नवं बंदर सुरू केलं. तेही पुरेसं सुरक्षित ठरलं नाही. ६२ च्या वादळात बंदराच्या आत दोनशेच्या आसपास जहाजं बुडाल्याचं रोमन इतिहासकार ताकितुस लिहितो. मग त्राजानने आतल्या बाजूला षटकोनी गोदी खणली, प्रत्येक बाजू सुमारे ३५८ मीटर. ती आजही पाण्याने भरलेली आहे. पोर्तुसला जायचं तर वेगळा दिवस ठेवा, दोन्ही एकत्र होत नाहीत.

आणि नकाशावर नदीची रेघ काढाल तेव्हा तिच्या उत्तर काठालाही थोडी जागा सोडा. २०१४ मध्ये चुंबकीय सर्वेक्षणात पलीकडच्या काठावर तटबंदी आणि मोठी कोठारं जमिनीखाली असल्याचं दिसलं. तिबेर शहराच्या कडेने नव्हे, त्याच्या मधून वाहत होती. जुन्या आराखड्यांवर तो भाग कोराच असतो.